“दादा, कोणाला घेऊन आलात?”

महोदय,

रुग्णालयात मारहाण झाली की सुरक्षारक्षक वाढवा, कॅमेरे लावा, कडक शिक्षा करा, अशी पत्रे येतात. मागणी रास्तच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८ ते ३८ टक्के आरोग्य कर्मचाऱ्यांना नोकरीत कधी ना कधी शारीरिक हिंसा सोसावी लागते. पण मी ३१ वर्षे परिचारिका होते, त्यातली १४ अपघात विभागात. हात उठण्याआधीच्या तासाभराबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून हे पत्र.

एका रात्री एक तरुण पोट दुखणाऱ्या वडिलांना घेऊन आला. त्यांच्यानंतर आलेल्या दोघांना आम्ही आधी आत घेतलं. एकाच्या छातीत कळ होती, दुसरीला धाप लागली होती. क्रम बरोबरच होता, पण तो त्या मुलाला कुणी सांगितलाच नव्हता. दीड तासानं त्यानं टेबलावर अशी मूठ आपटली की नोंदवही खाली पडली. माझी ज्युनिअर म्हणाली, “आधी शांत व्हा.” तो आणखी भडकला. चिडलेल्या माणसाला ‘शांत व्हा’ म्हटलं की त्याला एवढंच कळतं, आपलं ऐकायचं नाहीये यांना.

मी टेबलामागून बाहेर आले. अगदी समोर न जाता थोडी बाजूला, दोन हात अंतर ठेवून, त्याला आणि मला दोघांनाही दार मोकळं राहील अशी उभी राहिले. आवाज खाली आणून विचारलं, “दादा, कोणाला घेऊन आलात?”

“वडिलांना. दुपारपासून पाण्याचा घोटसुद्धा टिकत नाहीये त्यांच्या पोटात.”

केसपेपरवर उलटीचा उल्लेखच नव्हता. बाकावर जाऊन नाडी पाहिली तर ती जोरात पळत होती आणि रक्तदाब उतरला होता. त्यांना लगेच आत घेतलं. ती मूठ आपटली गेली नसती तर ते आणखी किती वेळ बाकावर बसले असते, हा विचार आजही मला छळतो.

त्यानंतर दर अर्ध्या तासानं एक सिस्टर बाहेर जाऊ लागली. बसलेल्यांची नाडी पुन्हा बघायची आणि नवीन काही नसलं तरी तेही सांगायचं. ‘पाच मिनिटांत’ हा शब्द मी बंदच केला. तो खोटा ठरला की पुढचं खरंही कुणी मानत नाही.

कधी रुग्णच हात उगारतो. अशा वेळी आधी ग्लुकोमीटरवर रक्तातली साखर आणि ऑक्सिजन बघावा, डोक्याला मार आहे का ते तपासावं. साखर उतरलेला माणूस शिव्या देतो, सलाइन उपसून टाकतो. तो त्याचा स्वभाव नसतो. मात्र हातात शस्त्र दिसलं तर बोलत बसू नये. मागे हटावं, मदत बोलवावी. नर्सनं शौर्य गाजवावं अशी अपेक्षा कुणीही करू नये.

आणि आपसातलं भांडण? नातेवाइकांसमोर इंटर्नवर खेकसणारे वरिष्ठ मी पाहिले आहेत. तो इंटर्न पुढच्या वेळी डोस चुकीचा दिसला तरी तोंड उघडत नाही. ही माझ्या लेखी मारहाणीइतकीच गंभीर बाब आहे, फक्त तिची बातमी होत नाही. रागवायचं असेल तर खोलीत नेऊन रागवा. इंजेक्शन देण्याआधी कुणीही ‘थांबा’ म्हटलं तर सगळ्यांनी थांबायचं, हा नियम भिंतीवर नको, रोजच्या ड्यूटीत हवा.

एकदा माझा हात पिरगळला गेला. दहा मिनिटांत मी पुन्हा सलाइन लावत होते. घरी जाणार का, असं कुणी विचारलं नाही. घटनेची नोंदही झाली नाही.

रुग्णालयांच्या व्यवस्थापनांना माझी विनंती आहे. नव्या परिचारिकेला आणि डॉक्टरला शिरेत सुई लावायला शिकवता, तसा चिडलेल्या माणसाशी बोलण्याचा सराव पहिल्याच आठवड्यात करून घ्या, सुरक्षारक्षक आणि वॉर्डबॉयसकट. कारण दारात पहिला शब्द बहुतेक वेळा तेच बोलतात.

– एक निवृत्त परिचारिका