संकेश्वर पंधरा किलोमीटरवर आहे, पण तिथे मोजे पाठवता येत नाहीत : अर्थमंत्र्यांना खुलं पत्र

मा. केंद्रीय अर्थमंत्री मॅडम यांस,
सप्रेम नमस्कार.

मी गडहिंग्लजला राहते, जिल्हा कोल्हापूर. गेली पाच वर्षं हाताने विणलेले लोकरीचे मोजे इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवर विकते. दुकान नाही, बोर्ड नाही, मी आणि गल्लीतल्या तिघी अशा चौघी मिळून विणतो आणि वर्षाची विक्री सव्वादोन लाखांच्या आसपास जाते. जीएसटी परिषदेच्या अध्यक्ष तुम्ही आहात आणि माझा प्रश्न तिथेच सुटणारा आहे, म्हणून तुम्हालाच लिहितेय.

आधी मोजा कसा होतो ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. पाच सुया लागतात, चार सुयांवर टाके वाटून घ्यायचे आणि पाचवीने गोल गोल विणत जायचं, म्हणजे कुठेही शिवण येत नाही. मोठ्या माणसाच्या पायाला बारीक लोकरीत 64 टाके. घोट्यापर्यंत सरळ जातं, मग टाच वळवायची, तिथे नवशिकी बाई हमखास अडते कारण टाके मोजून कमी करायचे असतात आणि एक चुकला की टाचेला भोक पडतं. एका जोडीला 14 तास जातात, हात बसलेला असेल तर. लोकर लुधियानाहून मागवते, थोडं नायलॉन मिसळलेली, नुसती लोकर टाचेला लवकर विरते. आमच्या जिल्ह्यात पट्टणकोडोलीला घोंगड्या होतात पण दख्खनी मेंढीची ती लोकर राठ असते, घोंगडीला एक नंबर, पायाला टोचते.

आता मूळ विषय. मागच्या दिवाळीनंतर संकेश्वरहून एका बाईंचा मेसेज आला, आईला बरीच वर्षं शुगर आहे, पायाला सूज असते, बाजारातल्या मोज्याचं इलॅस्टिक रुतून वळ उठतात आणि बोटांवरची शिवण घासून एकदा जखम झाली होती ती दोन महिने भरली नाही. असे मोजे करून द्याल का म्हणाल्या. मी कागदावर दोन्ही पाय ठेवून पेन्सिलने आखायला सांगितलं आणि फोटो मागवला, डावा पाय उजव्यापेक्षा बोटभर रुंद होता. तशी जोडी मशीनवर मिळतच नाही. आम्ही विणली, डाव्याला 72 टाके आणि उजव्याला 66, वरची पट्टी सैल.

आणि मग पाठवायची कशी यावर सगळं अडलं. मॅडम, संकेश्वर गडहिंग्लजपासून पंधराएक किलोमीटरवर आहे, हिरण्यकेशी इथूनही वाहते आणि तिथूनही, आमच्या निम्म्या गल्लीची सोयरीक तिकडे आहे. पण ते कर्नाटकात येतं. हीच जोडी मी गोंदियाला पाठवली, राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, तर मला जीएसटी नंबर लागत नाही कारण वस्तू विकणाऱ्याला राज्यात वर्षाला 40 लाखांच्या विक्रीपर्यंत सूट आहे. संकेश्वरला एक पार्सल गेलं की मात्र पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची. शेवटी त्या बाई स्वतः एसटीने आल्या, आईला सोबत घेऊन, आणि आमच्या ओट्यावर बसून आजींनी मोजे घालून बघितले. डावा पाय आत गेल्यावर त्या काही बोलल्या नाहीत, नुसता हात फिरवत बसल्या टाचेवरून. 81 वर्षांच्या बाईला सुजलेले पाय घेऊन एसटीत चढावं लागलं ते मला अजून लागून राहिलंय.

तुम्ही म्हणाल नोंदणी करून टाका. 1 नोव्हेंबर 2025 पासून छोट्यांना तीन कामाच्या दिवसांत नंबर मिळायची सोय झालीय हे मला माहितीय आणि ते चांगलंच झालं. पण अडचण नंबर मिळण्याची नाही, नंबर मिळाल्यानंतरची आहे. एकदा नंबर घेतला की गावातल्या गावात विकलेल्या जोडीवरही कर लावायचा, दर तिमाहीला रिटर्न, एक जोडी विकली नाही तरी शून्याचं रिटर्न, आणि उशीर झाला की दिवसाला दंड. आमच्या इथल्या अकाउंटंटने महिना 800 रुपये सांगितले, म्हणजे वर्षाला 9,600. आमची जोडी 650ची, लोकर, डबा वगैरे जाऊन हातात 420 राहतात. म्हणजे 23 जोड्या, म्हणजे 322 तासांचं विणकाम, हे नुसतं रिटर्न भरायला. कंपोझिशन स्कीम, म्हणजे छोट्या विक्रेत्यांसाठीची सोपी कर योजना, बघितली तर तिच्यातही राज्याबाहेर विकता येत नाही. एका मोठ्या साइटवर माल टाकायचा विचार केला, तिथे 1 ऑक्टोबर 2023 पासून नंबरशिवाय विकायची सोय आहे खरी, पण तीही फक्त आपल्याच राज्यात. जिकडे जावं तिकडे हद्दच आडवी येते.

आणि मला न पटणारी गोष्ट ही की सेवा देणाऱ्यांना ही अट नाही. ऑक्टोबर 2017 पासून 20 लाखांच्या आतली सेवा देशात कुठेही देता येते, नोंदणी नको. म्हणजे मी त्याच संकेश्वरच्या बाईंना व्हिडिओ कॉलवर टाच वळवायला शिकवलं आणि 650 रुपये फी घेतली तर चालतं, पण तीच टाच मी विणून पाठवली तर नाही चालत. हात तेच, तास तेवढेच, पैसेही तेवढेच, मग कोणत्या तर्काने विणणारी बाई शिकवणारीपेक्षा जास्त तपासायची?

हस्तकलेच्या वस्तूंना राज्याबाहेर विकायला सूट आहे असंही मला एकाने सांगितलं, म्हणून मी ती 2018ची व्याख्या काढून वाचली. वस्तू मुख्यतः हाताने केलेली पाहिजे, ते ठीक. पण सोबत तिच्यावर सजावट, जडावकाम किंवा तसंच काही भरीव काम पाहिजे असं लिहिलंय. आजींच्या मोज्यावर काय सजावट करू? नक्षीच्या गाठी आतून टोचतात म्हणून तर तो मुद्दाम साधा विणला. पहिल्या टाक्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत हातानेच झालेली वस्तू हस्तकलेत बसते की नाही हे आमच्या अकाउंटंटलाही छातीठोक सांगता आलं नाही, आणि नंतर नोटीस आली तर मी कुणाकडे जाणार. शिवाय त्या सवलतीत गेलं तरी ई-वे बिल, म्हणजे माल पाठवताना ऑनलाइन काढायचा कागद, लागतं, किंमत कितीही असो. एरवी 50 हजारांच्या वरच्या मालाला लागणारा कागद 650 रुपयांच्या मोज्याला.

मला कर चुकवायचा नाहीये मॅडम, मोज्यावर 5 टक्के म्हणजे जोडीमागे साडेबत्तीस रुपये, तेवढे गिऱ्हाईकही देईल. जड होतोय तो कागदांचा पसारा. आमच्यातल्या एकीचं लाइट बिल अजून वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर आहे, नोंदणीसाठी घराचा पुरावा म्हटला की ती तिथेच हात टेकते, आणि टाच सगळ्यात सुबक तिचीच होते.

म्हणून दोन गोष्टी मागते. परिषदेच्या पुढच्या बैठकीत 20 लाखांच्या आतल्या वस्तू विकणाऱ्यांनाही सेवेवाल्यांसारखी राज्याबाहेर विकायची मुभा द्या, पॅन नंबर घ्या, वर्षातून एकदा विक्रीचा आकडा मागा, आम्ही देऊ. आणि ते लगेच होणार नसेल तर निदान एक परिपत्रक काढून सांगा की हाताने विणलेली साधी वस्तू, नक्षी असो नसो, हस्तकलाच आहे, आणि तिच्या छोट्या पार्सलला ई-वे बिल नको. बेळगाव, निपाणी, पणजी, इंदूर, बडोदा, आमची मराठी गिऱ्हाइकं सगळीकडे आहेत आणि आत्ता आम्ही त्यांना नाही म्हणतोय.

संकेश्वरच्या आजींनी दुसरी जोडी सांगितलीय, या वेळी करड्या रंगात. माझ्या सुयांवर डाव्या पायाचे 72 टाके चढवलेले आहेत. ती पोस्टाने पाठवायची आहे.

आपली नम्र,
मोजे विणणारी एक बाई
गडहिंग्लज