मुंबईच्या सहलीत गिल्बर्ट हिल हवीच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी झाली की शाळांच्या सहली सुरू होतील. आमच्या कोल्हापूर-सांगलीकडच्या शाळांची मुंबई ठरलेली असते. गेटवे, तारांगण, हँगिंग गार्डन, राणीची बाग, संध्याकाळी चौपाटी आणि रात्री परतीची एसटी. ही ठिकाणे मुलांना दाखवायलाच हवीत, त्याबद्दल दुमत नाही. पण त्यातला अर्धा दिवस मोकळा काढून मुंबईतल्या आडवळणाच्या जागाही दाखवाव्यात, अशी सर्व मुख्याध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे. मी भूगोलाची निवृत्त शिक्षिका. माझ्या मते त्यात पहिला मान अंधेरी पश्चिमेच्या गिल्बर्ट हिलचा.

माझी मुलगी अंधेरीत राहते, त्यामुळे तिकडे जाणे-येणे असते. रिक्षावाल्याला नाव सांगितले की तो बिनचूक नेऊन सोडतो. चारही बाजूंनी इमारती आणि झोपड्या, आणि मधोमध सुमारे दोनशे फूट उंचीचा काळा कातळ सरळ उभा. जवळ जाऊन पाहिले की लक्षात येते, हा एकसंध दगड नाही. उभ्या खांबांची जुडी आहे ती. एकाला एक खेटून बसलेले, कडा असलेले पाषाणस्तंभ. आठवीतल्या नातवाने त्यावर हात फिरवून विचारले, "आजी, हे कुणी घडवलं?"

घडवले ते लाव्हारसाने, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. उन्हाळ्यात तळ्याचा गाळ सुकताना आकसतो आणि त्याला बहुकोनी भेगा पडतात, तसाच हा तप्त रस थिजताना आकसला. निवण्याची क्रिया पृष्ठभागाकडून आत आत सरकत गेली, तशा भेगाही आत उतरत गेल्या आणि त्यांतून हे लांबच लांब स्तंभ तयार झाले. दख्खनच्या पठाराचा धडा वर्गात शिकवताना मी फळ्यावर किती आकृत्या काढल्या असतील! त्या आकृतीला इथे हात लावता येतो. आमच्याच पन्हाळा तालुक्यात बांदिवड्याला असे स्तंभ आहेत. तेही मुलांनी पाहावेत, म्हणजे अंधेरीचा कातळ आणि आपले डोंगर एकाच कुळातले आहेत हे आपोआप समजेल.

वर जायला पायऱ्या आहेत आणि माथ्यावर गावदेवीचे देऊळ आहे. तिथून खाली नजर टाकली की दगडाच्या खाणींनी आणि बांधकामांनी या टेकडीभोवतीचे किती काही गिळले तेही दिसते. हा धडासुद्धा मुलांना मिळायला हवा.

दुसरे सांगायचे ते राणीच्या बागेबद्दल. तिथे सगळ्या सहली जातात, मुले पेंग्विन पाहून खूश होतात. पण त्याच आवारात डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी एक दगडी हत्ती उभा आहे, त्याच्याकडे कोणी मुलांचे लक्ष वेधत नाही. हा घारापुरीचा हत्ती. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटले. 1864 मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, उचलताना तो पडून फुटला. तुकडे मुंबईत आणले गेले आणि पुढे 1914 मध्ये ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला. गेलाच असता तो परदेशी! आणि ज्याच्यावरून काळा घोडा हे नाव पडले, तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळाही 1965 मध्ये हलवला तो याच बागेत. फोर्टात आज दिसतो तो बिनस्वाराचा घोडा 2017 चा. काळा घोडा भागात फिरलेल्या मुलांना मूळ घोडा दाखवायला वेगळी वाट वाकडी करावी लागत नाही, बसही तीच आणि थांबाही तोच.

फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथेड्रलपासून अंतर मोजून रोवलेले ब्रिटिशकालीन मैलाचे दगडही मुंबईत जागोजागी टिकून आहेत. त्यांच्यावर रोमन आकडे आहेत. पाचवी-सहावीच्या मुलांना एक जरी दाखवला तरी रोमन अंक कायमचे पाठ होतील. माझगावला डॉकयार्ड रोड स्थानकाजवळ चिनी देऊळ आहे, पण ती लहानशी, राहत्या वस्तीतली जागा. सहलीची झुंबड तिथे नेऊ नये, घरच्या चार माणसांनी शांतपणे जाऊन यावे.

या जागांची देखभाल ज्यांच्याकडे आहे त्यांनी गिल्बर्ट हिलच्या पायथ्याशी आणि त्या हत्तीपाशी मुलांना कळेल अशा सोप्या मराठीत, आकृतीसह मोठे फलक लावावेत. मार्गदर्शक नसला तरी शिक्षकांना त्यावरून समजावून सांगता येईल.

नेणाऱ्या शिक्षकांसाठी दोन सूचना. टेकडीवर सकाळी लवकर जावे, उन्हात कातळ फार तापतो. आणि बस मोठ्या रस्त्यालाच थांबवून मुलांना रांगेने चालत न्यावे, कारण गल्ल्या अरुंद आहेत आणि तिथे सतत वर्दळ असते.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका, कोल्हापूर