पक्यास, त्या नऊ सेकंदांबद्दल

नाशिक, 13 जुलै 2025

प्रिय पक्या,

तुझे तीन मेसेज आणि तो एक मिस्ड कॉल, सगळं बघितलंय रे. उत्तर दिलं नाही. कामात होतो वगैरे काही नाही, फेब्रुवारीत सांगलीच्या त्या लग्नाहून आलो तेव्हापासून तुझ्याशी बोलायचं म्हटलं की एकच गोष्ट तोंडात येत होती आणि ती व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिण्यासारखी नव्हती. फोनवर तर नाहीच. म्हणून हे पत्र. सावकाश वाच, चहा घेऊन बस.

तब्येत ठीक. बीपीची गोळी चालू आहे, आईचा गुडघा तसाच. झालं.

तर गेल्या रविवारी ईशा पुण्याहून आली आणि येताना माझ्यासाठी एक एलपी रेकॉर्ड घेऊन आली. काकांचा टर्नटेबल मी मागच्या वर्षी बेल्ट बदलून चालू केलाय ते तुला सांगितलं होतं का? नसेल सांगितलं. असो. पिशवीतून काढते तर आपल्या त्या इंग्लिश रॉक बँडचा, पिंक फ्लॉइडचा अल्बम, अ‍ॅनिमल्स. ते 2022 ला आलेलं नवीन, 2018 रीमिक्स लिहिलेलं. कव्हरवर लंडनचं तेच बॅटरसी पॉवर स्टेशन, तीच चार धुराडी, पण फोटो नवा, आजूबाजूला क्रेनच क्रेन. पोरगी म्हणाली, बाबा तुम्ही फ्लॉइड फ्लॉइड करता पण हा कधी लावत नाही, तुमच्याकडे नसेल म्हणून आणला. मी काय बोलणार? माझ्या हातापायातलं पाणी पळालं.

कारण खरंच मी तो लावत नाही पक्या. 1994 पासून एकदाही पूर्ण लावलेला नाही. तू मला कायम चिडवायचास ना की तुला त्यांचा विश यू वर हिअरच आवडतो, तू रडका आहेस, आणि आपण त्यावर दोन-दोन तास भांडायचो. ते सगळं खोटं होतं. माझा सगळ्यात आवडता अल्बम अ‍ॅनिमल्सच होता आणि आहे. पण तो लावला की डॉग्ज हे गाणं येतं, आणि डॉग्जमध्ये ते कुत्र्यांचं भुंकणं सुरू झालं की मला हॉस्टेलची खोली नंबर 27 दिसते. मग मी बंद करायचो. कुणाकडे लावलेला असला तर पाणी प्यायला उठायचो.

आता ऐक. तुझी ती कॅसेट, टीडीके डी 90, मामाने मुंबईत एलपीवरून भरून दिलेली, एका बाजूला पूर्ण अ‍ॅनिमल्स आणि दुसऱ्या बाजूला विश यू वर हिअर. ती आपल्या हॉस्टेलच्या मोऱ्याने बिघडवली नव्हती. मी बिघडवली होती.

लिहून टाकलं. हात थरथरतोय जरा, पण लिहून टाकलं.

पीएल, परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी, चालू होती, तू साताऱ्याला गेला होतास, मोऱ्या गावच्या सप्ताहाला पेटी वाजवायला गेला होता. रात्री दीड-दोन वाजले असतील. मोऱ्याच्या टू-इन-वन टेपरेकॉर्डरवर मी ती लावली. डॉग्जच्या मधे तो 'स्टोन' शब्द घुमत घुमत जातो आणि मग खाली नुसता सिंथ पसरतो, तिथे व्होल्टेज बसलं. बल्ब लाल झाला, कुत्र्यांचं भुंकणं एकदम जाड, रेड्यासारखं झालं, आणि मी उठून बंद करेपर्यंत फिरकी थांबलेली आणि टेप त्या रबराच्या रोलरला गुंडाळलेली. सावकाश सोडवायला पाहिजे होती. मी घाबरून ओढली. दोन विती टेप अशी चुरगळली की वेफर्सच्या पाकिटाची चांदी चुरगळल्यासारखी. मग रात्रभर बसून कॅसेटचे पाच स्क्रू काढले, दाढीच्या ब्लेडने तेवढा तुकडा कापला, मोऱ्याच्या टेबलावरच्या सेलो टेपने जोडला, पेन्सिलने गुंडाळली, परत डबीत. सकाळी लावून बघितलं तर एक टक् असा आवाज आणि गाणं पुढे उडी मारतं. वाटलं तुला कळणार नाही. तुला! जो ढोल किती वेळा वाजतो ते बोटावर मोजायचास, त्याला कळणार नाही असं वाटलं मला.

आणि एका बाजूचं कापलं की दुसऱ्या बाजूचंही जातं हे तर डोक्यातच आलं नाही. विश यू वर हिअरमधल्या शाइन ऑन गाण्याच्या दुसऱ्या भागातही तेवढाच खड्डा. दोन गाणी मारली मी एका ब्लेडने.

पुढचं तुला आठवतंय. तू आलास, ऐकलंस, मशीन मोऱ्याचं म्हणून मोऱ्याला धरलंस. मेसमध्ये, सगळ्यांसमोर. काय बोललास ते मी इथे लिहीत नाही, तुला माहीत आहे. भजनवाल्यांच्या हातात वगैरे. तू तेव्हा वीस वर्षांचा होतास आणि ती कॅसेट तुझा जीव होती, मी तुला दोष देत नाही. पण मोऱ्याने त्या वेळी माझ्याकडे बघितलं पक्या. ताटावरून मान वर करून एकदाच बघितलं. आणि म्हणाला, असेल बाबा, माझ्या मशीनमुळेच झालं असेल. आणि जेवायला लागला. मी आमटी वाढून घेत होतो. मी काही बोललो नाही. त्यानंतर तो आपल्या खोलीत यायचा बंद झाला, पुढच्या सेमला विंग बदलली, आणि आपण दोघं मात्र आजपर्यंत जिगरी.

आता रविवारचं. ईशाने सुई टेकवली. आधी ते दीड मिनिटाचं गिटारवालं, मग डॉग्ज. आणि काय सांगू तुला, आपण जो अ‍ॅनिमल्स शेकडो वेळा ऐकला तो जणू गोधडीखालून ऐकत होतो. आपली ती कॉपी होती हे खरं, पण नुसतं तेवढं नाही. नंतर ईशाने फोनवर 2011 चं रीमास्टर लावून दाखवलं, तेही साफ आहे, पण ते म्हणजे जुनाच फोटो काच पुसून लावल्यासारखं, कारण रीमास्टरमध्ये आधीच एकत्र झालेला आवाजच घासूनपुसून देतात. ह्या रीमिक्समध्ये साउंड इंजिनिअर जेम्स गथ्रीने मूळ मल्टिट्रॅक टेपांपर्यंत जाऊन प्रत्येक वाद्य सुटं घेऊन पुन्हा मांडलंय. बेस आता वेगळा कळतो, मेसनचा ड्रम छातीत लागतो, गिलमोर गाताना श्वास घेतो ते सुद्धा. पिग्ज गाण्यातली ती काऊबेल तर आपल्या मागे उभं राहून कुणी वाजवतंय असं वाटलं. मूळचा तो कोंदटपणा गेला म्हणून हळहळणारे आहेत, तूही त्यातलाच असशील बहुतेक, पण एकदा ऐक आणि मग भांड माझ्याशी.

पण मुद्दा तो नाही. 'स्टोन' आलं. घुमायला लागलं. आणि पक्या, माझं अंग त्या टक् ची वाट बघत होतं. एकतीस वर्षं झाली तरी शरीराला माहीत होतं की आता उडी येणार. उडी आली नाही. त्या जागी फ्लॉइडचा कीबोर्डवाला रिक राइट होता. नुसता तो. खालून सिंथचा एक सूर धरलाय, त्यावर दुसरा, कुठे दाखवायची घाई नाही, आणि ती भुंकणारी कुत्री त्याच्यात विरघळत लांब जातात. मी कापला तो तुकडा ह्याच्यातला होता. दोन विती टेप म्हणजे मी हिशोब केला, सेकंदाला पावणेपाच सेंटीमीटर धरली तर नऊ सेकंद. ते नऊ सेकंद मी परवा पहिल्यांदा शांत बसून ऐकले. ईशा विचारत होती, बाबा काय झालं? मी सांगितलं, डोळ्यात काहीतरी गेलं.

मोऱ्या काय म्हणायचा आठवतंय? त्याला नावं कधी पाठ झाली नाहीत. तो म्हणायचा, ह्यांच्यात तो पेटीवाला खरा, बाकीचे भांडायला बसलेत, तो एकटा गातोय. आपण हसायचो. आणि शीप गाण्याच्या सुरुवातीचं ते एकट्याचं इलेक्ट्रिक पियानोचं वाजवणं त्याने पेटीवर बसवलं होतं, भाता सांभाळत, जमेल तेवढं, डोळे मिटून. मेंढ्यांचा आवाज तू काढायचास. अजून काढतोस का रे तसा आवाज? तुझ्या पोरांना ऐकव, इंग्लंडात मेंढ्या भरपूर आहेत, उत्तर देतील.

आणि तो बरोबर होता बघ. अ‍ॅनिमल्स हा फ्लॉइडचा पहिला अल्बम ज्यात राइटच्या नावावर एकही गाणं नाही. वाजवलंय सगळीकडे, नाव कुठेच नाही. मग द वॉल अल्बमच्या वेळी त्याला बँडमधूनच काढला, आणि त्याच बँडच्या टूरवर तो पगारी वाजवणारा म्हणून गेला. हे मी पूर्वी शंभर वेळा वाचलं होतं. पण आता वाचलं की मला मेसमधलं ते ताट दिसतं. 15 सप्टेंबर 2008 ला तो गेला आणि हा नवा अ‍ॅनिमल्स बाजारात आला 16 सप्टेंबर 2022 ला. चौदा वर्षं आणि एक दिवस. त्याला ऐकायला मिळालं नाही हे.

2018 लाच तयार होतं म्हणे सगळं. चार वर्षं नुसतं पडून, का, तर आतल्या पुस्तिकेत छापायचा मजकूर. मार्क ब्लेक नावाच्या लेखकाने लिहिलेला, गिलमोरला तो नको होता, बँडमधल्याच रॉजर वॉटर्सला हवा होता. शेवटी वॉटर्सने 2021 मध्ये सांगितलं की जाऊ द्या, मजकुराशिवाय काढा, आणि मजकूर स्वतःच्या वेबसाइटवर टाकला. सत्तरी उलटलेली माणसं रे, आणि भांडण कशावरून, तर कुणी काय केलं हे कागदावर कसं लिहायचं. दहा वर्षांपूर्वी मी ह्यावर हसलो असतो.

आता सांगलीचं. मोऱ्या भेटला तिथे. तासगावला त्याचं ठिबकचं दुकान आहे, चांगलं चाललंय, केस सगळे पांढरे, तोच हळू आवाज. गावात भजनी मंडळात अजून पेटी वाजवतो. जेवायला शेजारी बसलो, पोरांची चौकशी, द्राक्षाचा दर, आणि मठ्ठा पिता पिता तो सहज म्हणाला, "पक्याची ती कॅसेट आहे का रे अजून?" मी म्हटलं, आहे. कारण तू रागाने फेकली होतीस ती मी उचलून ठेवली, तेही तुला माहीत नाही. तो हसला आणि म्हणाला, "माझी सेलो टेप टिकली म्हणायची." आणि उठून हात धुवायला गेला.

त्याला तेव्हापासून माहीत होतं पक्या! पहिल्या दिवसापासून. त्याच्या टेबलावरची टेप, दुसरं कोण घेणार? मला तिथल्या तिथे त्याचे पाय धरावेसे वाटले आणि मी गुलाबजाम घेऊ का म्हणून वाढप्याशी बोलत बसलो. परत तेच. आमटीच्या वेळी होतो तस्साच.

तेव्हापासून झोप नीट नाही. मी काय करू सांग. फोन करून सांगू? त्याला माहीतच आहे, मग मी सांगणार काय? का त्याला ह्यातलं काहीच नको असेल, त्याने त्याच्या बाजूने त्या एका वाक्यात मिटवून टाकलं असेल आणि मी परत उकरून त्याच्या दारात नेऊन टाकणार? पण मग वाटतं, मिटवलं असतं तर विचारलं कशाला असतं? आणि तुझं काय? तू त्याला बोललास ते माझ्यामुळे, म्हणजे तुझंही पाप माझ्याच खात्यात, आणि तुला तर आज कळतंय. तू आता मला शिव्या घालशील. घाल. पण शिव्या घालून झाल्या की ह्याचा विचार कर, कारण हे मी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, कॅसेटवरून एवढं? तिचं चूक नाही. तिने ती कॅसेट लावायच्या आधी तुला हात धुताना बघितलेलं नाही.

मला वाटतं ते असं, की आपण दोघांनी जावं. तू डिसेंबरात येतोयस ना, चार दिवस काढ. नाशिकहून गाडी काढतो, साताऱ्याला तुझ्या घरी एक रात्र, मग तासगाव. एलपी घेऊन जाऊ, टर्नटेबल डिकीत बसतो, मी मापून बघितलं. त्याच्याकडे बसून डॉग्ज लावायचं, ते नऊ सेकंद त्याच्यासमोर ऐकायचे, आणि मग मला जे बोलायचंय ते बोलेन. त्याच्या पेटीवाल्याचे आहेत ते, त्याने ऐकायलाच पाहिजेत. तुला यायचं नसेल तर तसं सांग, मी एकटा जाईन. पण एकट्याने गेलो की मी परत गुलाबजामवर बोलेन अशी भीती आहे.

तुझी नवी नोकरी कशी? धाकट्याचा दात पडला म्हणालास, वहिनींना नमस्कार सांग, तिथे आता उन्हाळा असेल, मजा करा. आणि लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनला जाताना ट्रेनमधून बॅटरसीची धुराडी दिसली की फोटो काढून पाठव. आता तिथे मॉल झालाय ते माहीत आहे, तरी पाठव. 1976 च्या डिसेंबरात कव्हरच्या फोटोसाठी फ्लॉइडवाल्यांनी तिथे उडवलेलं ते फुगवलेलं डुक्कर दोर तुटून विमानांच्या वाटेत गेलं आणि केंटमधल्या शेतात जाऊन पडलं, ती गोष्ट तू मोऱ्याला किती रंगवून सांगायचास, आणि तो दर वेळी विचारायचा, शेतकऱ्याचं नुकसान भरून दिलं का?

उत्तर दे. शिव्यांचं असलं तरी दे.

तुझाच,
नंद्या

ता. क. कॅसेट टेबलावर काढून ठेवलीय. डबीवर तुझं अक्षर आहे, हिरव्या शाईतलं. सेलो टेप पिवळी पडलीय, कडेने जरा सुटलीय. लावून बघितली नाही. ती मोऱ्याकडेच लावू, त्याचं ते टू-इन-वन अजून आहे म्हणाला.