तुझ्या कापडाला अजून कात्री लागलेली नाही

प्रिय नंदू,

तीन महिने पत्र नाही, फोन उचलत नाही, याचं कारण एकच. तुझं शर्टाचं चौकडीचं कापड अजून माझ्या कपाटात घडी घालून पडलंय. ‘बाळ्यानं वाट लावली असणार, म्हणून तोंड लपवतोय,’ असं तू सुलूला म्हणालास ते माझ्यापर्यंत आलं. वाट लावलेली नाही. वाट लावायला आधी कापावं लागतं.

तब्येत ठीक. मान धरते, शिवणाऱ्याची धरतेच. तुझा गुडघा बरा असेल असं धरून चालतो.

तर कापड. तू दोन मीटर आणलंस आणि पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारला नाहीस. ज्यानं कुणी तुला ‘दोन मीटर बास’ सांगितलं, तो ५८ इंची पन्ह्याबद्दल बोलत होता. त्या पन्ह्यात पूर्ण बाहीचा शर्ट साधारण १.६ मीटरमध्ये निघतो. तुझं कापड ३६ चं. त्यात सव्वादोन ते अडीच मीटर लागतं, आणि चौकडी असेल तर त्याहून थोडं जास्त. म्हणजे पूर्ण बाही विसर. अप्पांसमोर आपला त्यावरून झालेला वाद आपोआप मिटला, मी जिंकलो.

वर ते धुतल्यावर आटलं. रात्रभर साध्या पाण्यात भिजवलं, पिळलं नाही, सावलीत वाळवलं, किंचित ओलं असतानाच उभ्या धाग्याच्या दिशेनं इस्त्री फिरवली. तरी लांबीत २०० सेंटिमीटरचे १९२ झाले, म्हणजे चार टक्के गेले. पन्ह्यात जेमतेम इंचभर गेलं. उभा ताणा विणताना ओढून धरलेला असतो. पाणी मिळालं की तो सैल होतो, म्हणून सुती कापड लांबीत जास्त आटतं. हे कापण्याआधी आटलं ते बरंच झालं. शिवल्यावर आटलं असतं, तर शर्ट पहिल्या धुण्यात तुझ्या पुतण्याचा झाला असता. मग दोन्ही टोकांना एकेक आडवा धागा ओढून काढला आणि त्या रेघेवर कापून कडा सरळ केल्या. दुकानात कापलेली कड सरळ दिसते तेवढी क्वचितच असते. तिच्यावर भरवसा ठेवला की धागा तिरका धरला जातो, आणि दोन धुण्यांत बाजूची शिवण पोटाकडे फिरते. एवढं करून हातात राहिलं ७५ इंच लांब, आणि किनार सोडून साडेचौतीस इंच रुंद.

आता हिशेब बघ, मी गेले कित्येक आठवडे तोच बघतोय. तुझी छाती ४२. तिचा पाव साडेदहा, त्यात सैलपणा सव्वा, माया (शिवणीसाठी सोडलेलं जादा कापड) पाऊण. पाव भाग साडेबारा इंच, म्हणजे पाठ २५ रुंद. पुढच्या प्रत्येक भागाला बटणपट्टीचे सव्वादोन जास्त, म्हणजे दोन्ही मिळून साडेएकोणतीस. लांबी ३१ कापायची: साडेएकोणतीस तयार, अर्धा इंच खांद्यात, एक खालच्या दुमडीत. पाठ ३१, पुढचे दोन्ही भाग शेजारी शेजारी ३१, त्याखाली अर्ध्या बाह्या ११. बेरीज ७३. उरले दोन इंच.

(मायेवरून आठवलं. ‘शिवणकामात तरी माया दाखव’ हा तुझा विनोद मी वीस वर्षं ऐकतोय. पाऊण इंच दाखवली आहे. यापेक्षा जास्त तुझ्या कापडात बसत नाही.)

पाठ कापताना कापड मधोमध दुमडायचं नाही. साडेबारा इंच आत येईल एवढीच घडी घालायची. म्हणजे उरलेली पट्टी साडेनऊ इंचांची सलग राहते. मधोमध दुमडलं तर पावणेपाच-पावणेपाचच्या दोन चिंध्या होतात आणि खिशाला जागा उरत नाही. त्या साडेनऊच्या पट्टीतून १८ बाय ४ चे कॉलरचे दोन तुकडे निघतात, खाली खिसा निघतो. पुढच्या भागांशेजारी पाच इंचांची पट्टी राहते, तिच्यातून कॉलरच्या उभ्या पट्टीचे दोन तुकडे. कॉलर उभ्या धाग्यात निघत असल्यामुळे आडवी लाल रेघ तिच्यावर उभी दिसेल. चालतं. खांद्यावरच्या दुहेरी पट्टीला मात्र कापड नाही, आणि दुसऱ्या रंगाची लावली तर तू घालणार नाहीस. त्यामुळे पाठ थेट खांद्याला जोडायची.

इथपर्यंत सगळं बसलं. अडलंय ते चौकडीवर.

चौकडा बरोबर तीन इंचांचा आहे आणि लाल रेघ प्रत्येक चौकड्यात वरच्या अंगाला. म्हणजे सगळे तुकडे एकाच तोंडानं लावायचे, उलटसुलट करून काही वाचवायचं नाही. बाजूच्या शिवणीवर पुढची रेघ पाठीच्या रेघेला मिळायची असेल, तर पुढचा भाग पाठीपासून तीनच्या पटीत सुरू व्हायला हवा. ३१ पटीत नाही, पुढचा पट ३३. म्हणजे उरलेले दोन इंच तिथंच गेले. दुसरा मार्ग असा की बाजू सोडून द्यायची आणि बाही दीड इंच खाली सरकवायची. मग छातीवरची रेघ मुंढ्यावरून, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाईवरून, सरळ बाहीवर जाते, अर्धा इंच हातात राहतो. कागदावर तुकडे मांडून सहा वेळा मोजलं. बाही किंवा बाजू. दोन्ही होत नाही.

जाणते शिवणारे सांगतील, समोरून दिसतं ते आधी जुळव. बाजूची शिवण हाताखाली झाकली जाते. मीही तेच म्हणालो असतो, पण शर्ट तुझा आहे. तू बोलायला लागलास की तुझे दोन्ही हात खांद्याच्या वर असतात. शिरीषच्या घरी त्या राजकारणाच्या चर्चेत तू तासभर दोन्ही काखा जगाला दाखवत होतास. तिथं रेघ तुटलेली दिसणार, आणि मला ती प्रत्येक वेळी दिसणार. घरी शिवण्याची खरी किंमत ही आहे, नंद्या. लोक सुतात आणि वेळात मोजतात. शर्टाला माझे दहा तास जातात: दोन कापायला, एक नुसता इस्त्रीला, दीड कॉलरला, उरलेल्यात शिवण आणि उसवण. पण ते तास संपतात. एकदा शिवायला शिकलं की समोरच्या माणसाच्या खिशाची रेघ छातीच्या रेघेला लागते का हेच डोळे बघतात, तो काय बोलतोय ते नंतर कळतं.

आणि पैसे वाचतात हा तुझा गैरसमज काढून टाक. तयार कपड्यांच्या कारखान्यात कापडाचे थरावर थर रचून एकदम कापतात, मग एक माणूस दिवसभर फक्त कॉलर लावतो. त्याच्याशी माझी बरोबरी कशी होणार? वाचतं ते पायजम्यात, उशीच्या अभ्ऱ्यात, आणि सगळ्यात जास्त दुरुस्तीत. शर्टात मिळतं ते मापाचं सुख. तुझा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली आहे. कुठलाही तयार शर्ट तो मान्य करत नाही, म्हणून तुझ्या डाव्या कॉलरखाली कायम तिरकी चुणी पडते. मी डाव्या खांद्याचा उतार अर्धा इंच जास्त देईन आणि मुंढाही तेवढाच खाली घेईन. मुंढा तसाच ठेवून नुसता खांदा उतरवला तर काखेत काचतो, हे जुन्या चादरीचा नमुना शिवून कळतं. नमुना मी शिवलाय. घालून बघायला तू ये.

खिसा तिरप्या धाग्यात, ओरेबमध्ये कापतोय. मग त्याची रेघ छातीशी जुळवायचा प्रश्नच येत नाही, मुद्दाम केल्यासारखं दिसतं. साडेपाच बाय सातचा खिसा ४५ अंशांत फिरवला की जवळजवळ नऊ इंच चौरस लागतो, आणि आपल्याकडे साडेनऊची पट्टी आहे. ओरेब कापड ओघळतं, म्हणून आतून पातळ चिकटं बकरम, म्हणजे इस्त्रीनं चिकटणारं अस्तर. कॉलरलाही बकरम, पण तेही आधी भिजवून वाळवलेलं. न भिजवता लावलं तर पुढे ते आत आटतं आणि कॉलरवर फोड येतात. इस्त्री सरकवायची नाही. दाबून धरायची, उचलायची, पुढे ठेवायची, आणि थंड होईपर्यंत हात लावायचा नाही. वरची कॉलर खालचीपेक्षा सूतभर मोठी, नाहीतर टोकं वर वळतात.

तू मशीन घ्यायचं म्हणतोस म्हणून घाईत दोन गोष्टी. खालून दोऱ्याचे झुबके आले तर सगळे बॉबिनला, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाला, शिव्या घालतात. बहुतेक वेळा दोष वरच्या दोऱ्याचा असतो. मशीनचा कापड दाबणारा पाय खाली असताना दोरा ओवला की ताणाच्या चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्यात बसतच नाही. पाय वर करून पुन्हा ओव. मध्येच टाके पडायचे राहिले तर आधी सुई बदल. या कापडाला १४ नंबर, टाका अडीच मिलिमीटर. आणि सिंगरनं मशीन शोधलं असं मुलीला सांगू नकोस. टोकाजवळ नेढं असलेल्या सुईच्या आणि दुहेरी दोऱ्याच्या टाक्याच्या मशीनचं पेटंट १८४६ मध्ये एलायस होवनं घेतलं. सिंगरचं १८५१ चं, आणि होवनं त्याला कोर्टात खेचून पैसे वसूल केले. आपली ती पैज आठवते ना? देणं बाकी आहे.

तुझ्या बदलीचं कळलं. चांगलंच झालं म्हणायचं, घर लागलं की कळव. मुलीची परीक्षा झाली असेल. वहिनींना नमस्कार, त्यांच्या पडद्यांचं मी विसरलेलो नाही, पडदे सोपे असतात.

तर मला एका ओळीचं उत्तर हवंय: बाही की बाजू? विचार करून सांग, आरशासमोर उभं राहून दोन मिनिटं कुणाशी तरी भांड आणि हात कुठं जातात ते बघ. उत्तर आलं की त्या रविवारी कात्री लावतो.

तुझा,
बाळ्या

ता. क. पोटाचं माप तू ४० लिहिलंयस. मी तुला पाहिलेलं आहे. पोट छातीपेक्षा जास्त भरत असेल तर बाजूला कंबरेचा आकार द्यायचा नाही, नाहीतर चौथं बटण बसल्यावर तोंड उघडतं. टेप बेंबीवरून, जमिनीला समांतर, श्वास सोडून. पुन्हा मोज.