ठराव १३७ शिकवता, मग १३८ का नाही?

माननीय मानवी हक्क उच्चायुक्त,
संयुक्त राष्ट्रसंघ, जिनिव्हा
यांस,

स. न. वि. वि.

२० डिसेंबर १९९३ला आमसभेने ठराव करून आपलं पद निर्माण केलं. त्या ठरावात आपल्या कामांची यादी आहे, आणि मानवी हक्कांच्या शिक्षणाचे व लोकमाहितीचे संयुक्त राष्ट्रांचे कार्यक्रम एका सूत्रात आणणं हे त्यातलंच एक काम. युद्धं, छळ आणि निर्वासितांच्या रोजच्या धबडग्यात ही ओळ मागे पडत असेल तर ते समजू शकते. तरी हे पत्र त्याच ओळीबद्दल आहे.

मी किशोरवयीन मुलांना शिकवते. मानवी हक्क हा माझ्या विषयातला एक धडा. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याची तीस कलमं मला तोंडपाठ आहेत आणि दरवर्षी थोडीफार मुलांचीही होतात. एकदा एकोणिसावं कलम, म्हणजे मतस्वातंत्र्याचं, शिकवून झालं होतं. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "बाई, व्हरांड्यातल्या तक्रारपेटीची किल्ली कुणाकडे असते?"

किल्ली मुख्याध्यापकांकडे असायची. पेटीतल्या बऱ्याचशा चिठ्ठ्या त्यांच्याच निर्णयांबद्दल असायच्या, हे सगळ्या वर्गाला माहीत होतं. मी घड्याळाकडे पाहिलं आणि पुढचं कलम काढलं. त्या दिवशी वर्ग हक्कांबद्दल जे काही शिकला, ते माझ्या त्या पान उलटण्यातून शिकला.

नंतर मी आपल्या संस्थेचे जुने ठराव वाचायला घेतले. तिथेही मला तेच पान उलटणं दिसलं. जरा सविस्तर सांगते.

१० डिसेंबर १९४८ला पॅरिसमध्ये आमसभेने जाहीरनामा स्वीकारला. ४८ मतं बाजूने, विरोधात एकही नाही, आठ देश तटस्थ. पण २१७ क्रमांकाच्या त्या ठरावाचे भाग पाच आहेत आणि जाहीरनामा हा फक्त पहिला. चौथ्या भागात सरकारांना सांगितलं आहे की, हा मजकूर पसरवा, लावा, वाचून दाखवा आणि समजावून सांगा, तेही मुख्यतः शाळांमध्ये आणि शिक्षणसंस्थांमध्ये. दुसरा भाग आहे दाद मागण्याच्या हक्काचा. हा एक अत्यावश्यक मानवी हक्क आहे, असं तिथे आमसभेने स्वतःच म्हटलं, आणि लगेच खाली ठरवलं की या अधिवेशनात त्यावर काहीच करायचं नाही, मानवी हक्क आयोगाने आणखी अभ्यास करावा. म्हणजे हक्क शाळेत शिकवायचं फर्मान ज्या दिवशी निघालं, त्याच दिवशी, त्याच ठरावात, तक्रार कुठे करायची हा प्रश्न पुढे ढकलला गेला.

हे १९४८चं झालं. आता २०११ पाहा. १९ डिसेंबरला आमसभेने दोन ठराव पाठोपाठ मंजूर केले. ६६/१३७ हा मानवी हक्क शिक्षण आणि प्रशिक्षणाचा जाहीरनामा. ६६/१३८ हा बालहक्क संहितेचा, म्हणजे मुलांच्या हक्कांबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, तिसरा पूरक करार. देशातली दारं ठोठावूनही न्याय मिळाला नाही, तर मुलांना थेट संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीकडे तक्रार नेता यावी, अशी सोय या करारात आहे. एक ठराव म्हणतो मुलांना हक्क शिकवा, लगेच पुढचा म्हणतो की हक्क मोडला तर त्यांनी इथे यावं. ही जोडी कुणी मुद्दाम लावली असेल असं वाटत नाही, कार्यक्रमपत्रिकेचा योगायोग असावा. पण अभ्यासक्रम आखणाऱ्या एखाद्या जाणत्या माणसाने तरी याहून चांगला क्रम काय लावला असता?

पुढे जोडी फुटली. १३७चं कौतुक कोणतंही सरकार करतं, कारण तो पाळला नाही म्हणून कुणी जाब विचारत नाही. १३८ एप्रिल २०१४मध्ये अमलात आला. मूळ बालहक्क संहिता १९६ देशांनी स्वीकारली आहे. हा पूरक करार स्वीकारणारे देश त्यांच्या साधारण एक चतुर्थांश. बाकीचे देश मुलांना हक्क शिकवायला तयार आहेत, मुलांकडून ऐकून घ्यायला नाहीत.

शिक्षणाच्या बाजूने काही झालंच नाही, असं मी म्हणणार नाही. १९९५ ते २००४ हे मानवी हक्क शिक्षणाचं दशक झालं, २००५पासून जागतिक कार्यक्रम चालू आहे. त्याचा चौथा टप्पा, २०२० ते २०२४, तरुणांसाठी होता. २०२५ ते २०२९चा पाचवा टप्पा मुलं आणि तरुण दोघांसाठी आहे, आणि त्यात डिजिटल तंत्रज्ञान, पर्यावरण व हवामानबदल आणि स्त्री-पुरुष समानता यांवर भर आहे. विषय उत्तम निवडलेत. माझी अडचण विषयांची नाहीच.

२०११च्या जाहीरनाम्याच्या दुसऱ्या कलमात या शिक्षणाचे तीन पदर सांगितले आहेत: हक्कांविषयी शिकणं, हक्कांच्या वाटेने शिकणं आणि हक्कांसाठी शिकणं. पहिलं परीक्षेत येतं. तिसरं भाषणात येतं. मधलं कुठेच येत नाही, कारण त्यासाठी शिकवणाऱ्या जागेलाच बदलावं लागतं. शिकवणारे आणि शिकणारे, दोघांचेही हक्क जिथे पाळले जातात असं शिक्षण, असा त्याचा अर्थ दिला आहे. (शिकवणाऱ्यांचेही! ते वाचून मला जरा बरं वाटलं.) शाळेच्या फाटकातून आत आल्याने मूल आपले हक्क गमावत नाही, हे तर बालहक्क समितीने २००१मध्येच लिहून ठेवलं आहे.

आणि हक्कांची भाषा तरी कशी घडली? १९४८च्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात "सर्व पुरुष" असा अर्थ निघेल असा इंग्रजी शब्द होता. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहतांनी हरकत घेतली आणि तिथे "सर्व मानव" आले. शिकवताना आपण मुलांना तयार वाक्य देतो आणि हरकत गाळतो.

आता वर्गात घडलेली एक गोष्ट सांगते. सप्टेंबर २०१९मध्ये १२ देशांतल्या १६ मुलांनी १३८च्या त्याच पूरक कराराखाली बालहक्क समितीकडे तक्रार नेली. वयं ८ ते १७. ग्रेटा थुनबर्ग त्यांच्यातलीच. अर्जेंटिना, ब्राझील, फ्रान्स, जर्मनी आणि तुर्कस्तान हे देश हवामानबदल रोखण्यात कमी पडले आणि त्यामुळे आमचे हक्क मोडले गेले, असं त्यांचं म्हणणं. ऑक्टोबर २०२१मध्ये निकाल आला: आधी त्या-त्या देशातल्या न्यायालयांत जायला हवं होतं, म्हणून तक्रार दाखल करून घेता येत नाही. त्याच वेळी समितीने एक मोठी गोष्ट मान्य केली. एखाद्या देशाने सोडलेल्या कार्बनमुळे सीमेपलीकडच्या मुलांचं जे नुकसान होतं, त्याला तो देश जबाबदार धरला जाऊ शकतो. आणि मग समितीने त्या मुलांना खुलं पत्र लिहिलं. आम्ही काय ठरवलं, का ठरवलं, कुठे तुमच्याशी सहमत आहोत आणि कुठे आमचे हात बांधलेले आहेत, हे त्यांना समजेल अशा भाषेत.

हे सगळं मी वर्गात सांगितलं, तेव्हा मला वाटलं होतं की मुलं चिडतील, "म्हणजे हरलेच ना" म्हणतील. पहिला प्रश्न आला तो असा: "हरले तरी उत्तर आलं?" त्यांना नवल वाटलं ते निकालाचं नाही, उत्तराचं. मोठी माणसं नाही म्हणताना कारण सांगतात, ही त्यांच्या लेखी बातमी होती. मानवी हक्कांचा माझा इतक्या वर्षांतला सर्वांत चांगला तास तोच. त्यात एकही कलम पाठ करायचं नव्हतं.

यावर मला नेहमी ऐकवलं जातं की, तक्रार करायला शिकवलं तर मुलं शेफारतील, खोटंनाटं लिहितील, शिस्त जाईल. भीती अगदीच खोटी नाही. खोट्या चिठ्ठ्या येतात. पण चिठ्ठी नीट वाचून उत्तर दिलं, तर पुरावा म्हणजे काय, समोरच्याचीही बाजू असते म्हणजे काय, हे मुलं तिथेच शिकतात. आणि तक्रारी तर होतच असतात. पेटी बंद असली की त्या मोबाइलवर जातात, कुणाचं तरी नाव आणि फोटो लावून. तिथे कुणी कुणाची बाजू ऐकत नाही.

माझं मागणं मोठं नाही. पाचव्या टप्प्यात देश आपल्याला कामाचे अहवाल देतील. किती पुस्तकं छापली, किती शिबिरं झाली, हे त्यात असेलच. आपण एवढंच जास्तीचं विचारा: शिकणाऱ्या मुलाने संस्थेबद्दल तक्रार केली तर ती कोण वाचतं, किती दिवसांत उत्तर देतं, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्या हातून त्या मुलाला त्रास होऊ नये म्हणून काय केलं जातं? जे देश १३७चं गुणगान करतात, त्यांना त्याच बैठकीत १३८बद्दल विचारा. आणि समितीने त्या १६ मुलांना लिहिलं तसं पत्र हा अपवाद राहू देऊ नका. मुलांच्या तक्रारीवरचा प्रत्येक निर्णय मुलांच्या भाषेत, म्हणजे खरोखर त्यांच्या भाषेत, त्यांच्यापर्यंत पोचू द्या. जाहीरनामा पाचशेहून जास्त भाषांत गेला आहे, मग उत्तरंही जाऊ शकतील.

ती मुलगी केव्हाच शिकून बाहेर पडली. पेटीची किल्ली आता एका शिक्षकाकडे आणि मुलांनी निवडलेल्या दोघांकडे असते. तिघं असल्याशिवाय पेटी उघडायची नाही असं ठरलं आहे. हे व्हायला चांगली दोन वर्षं गेली. पहिल्यांदा पेटी उघडली तेव्हा दोन चिठ्ठ्या माझ्याविरुद्ध निघाल्या. एक होती गृहपाठाबद्दल. दुसरीत लिहिलं होतं, "अवघड प्रश्न आला की बाई पान उलटतात." उत्तर मी सात दिवसांत लिहून दिलं, सहीनिशी.

कळावे.

आपली,
एक शिक्षिका