मुक्तिदिनाच्या पुस्तिकेतून आफ्रिका गेली कुठे? : मंत्रिमहोदयांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,

सादर नमस्कार. गोवा मुक्तिदिनाला वाटलेली पुस्तिका मिळाली. कागद गुळगुळीत, पहिल्या पानावर आपला फोटो, मधल्या पानावरही आपलाच. गेल्या वर्षी व्यासपीठावरून म्हणाला होता, "आफ्रिकेचं प्रकरण घालणारच, सर." टाळ्या पडल्या. प्रकरण राहू द्या, आफ्रिकेचा साधा उल्लेखही नाही.

त्या भरवशावर मी सुजलेले गुडघे घेऊन तीन मजले चढलो (लिफ्ट अर्थातच बंद) आणि आयुष्यभर जमवलेल्या कात्रणांची फाईल आपल्या माणसांच्या हाती दिली. तीही गडप. जन्मभर इतिहास शिकवला, पेन्शनचा फरक अजून कुणाच्या तरी सहीवाचून अडलाय, त्याबद्दल कधी बोललो नाही. हे मात्र सोसवत नाही.

1961च्या फेब्रुवारीत लुआंडात, म्हणजे गोव्यासारख्याच पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या अंगोलाच्या राजधानीत, उठाव झाला. एप्रिलमध्ये मोरोक्कोतल्या कासाब्लांकात पोर्तुगीज वसाहतींतल्या संघटनांनी एकजूट केली, तीत गोवाही होता. ती उभारणाऱ्यांत आमच्या बार्देशचे आक्विनो द ब्रागांसा होते. 1986मध्ये मोझांबिकचे अध्यक्ष सामोरा माशेल यांच्यासोबत ते विमान अपघातात गेले. त्यांच्या नावाचा एखादा रस्ता दाखवाल?

डिसेंबरात भारतीय फौजा आल्या. 'छत्तीस तासांत मुक्ती' हे आपले लाडके वाक्य. पण लिस्बनची पोर्तुगीज राजवट त्यानंतरही आफ्रिकेत बारा वर्षांहून अधिक लढली, खजिन्यातला चाळीसेक टक्के पैसा लष्करावर उधळत. अंगोला, मोझांबिक, गिनी-बिसावच्या लोकांनी तिला इतके दमवले की 25 एप्रिल 1974ला तिच्याच अधिकाऱ्यांनी ती उलथवली. गोवा भारताचा, हे पोर्तुगालने मान्य केले ते त्यानंतर, त्याच वर्षाच्या अखेरीस, म्हणजे मुक्तीनंतर तेरा वर्षांनी. आता सांगा, छत्तीस तास मोजायचे की तेरा वर्षे?

गिनी-बिसावच्या मुक्तिलढ्याचे नेते अमिल्कार काब्राल यांनी कार्यकर्त्यांना बजावले होते: लोकांपासून काही लपवू नका, खोटे बोलू नका, सोप्या विजयांचे दावे करू नका. हे पाळायचे तर आपले जनसंपर्क खाते एका दिवसात बंद पडेल.

आणि पियो गामा पिंटो! केनियाचे स्वातंत्र्यसैनिक; जन्म नैरोबीचा, घराणे गोव्याचे. इंग्रजांनी 1954मध्ये डांबले, त्यातून ते जिवंत सुटले. स्वतंत्र केनियात जमीन मूठभरांच्या घशात जाऊ नये म्हणून बोलत राहिले आणि 24 फेब्रुवारी 1965ला घराच्या फाटकापाशी गोळ्या घातल्या गेल्या. गाडीत लहान मुलगी होती. गोरा साहेब गेला, त्याच्या खुर्चीत आपला बसला, जमिनीचे काय? हा प्रश्न आफ्रिकेतल्या लोकांनी स्वातंत्र्याच्या पहाटेच विचारला. आमच्याकडे डोंगर कापले जातात, शेतांचे झोन रातोरात बदलतात, कोमुनिदादीच्या, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक संस्थेच्या, जमिनीवर कुणाकुणाचा डोळा असतो. पुस्तिकेतून पिंटो का वगळले, हे मला कळते, साहेब. सत्तेत कुणीही येवो, हे नाव कुणालाच सोयीचे नाही.

उत्तर पाठवलेच तर 'आपले पत्र योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठवले आहे' हा छापील कागद नको. तसले पुष्कळ साठलेत.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक, बार्देश