आई-बाबा, त्या खडूच्या वंशावळीबद्दल

प्रिय आई-बाबा,

सा. न. फोनवर घाईत नीट सांगता आलं नाही म्हणून लिहितेय. इथे ब्रिस्बेनच्या गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आर्ची मूर या ऑस्ट्रेलियन कलाकाराचं 'किथ अँड किन' (म्हणजे 'आप्त-सोयरे') हे खोलीभर मांडलेलं काम बघून आले. ते आईकडून कामिलरोई आणि बिगाम्बुल या तिथल्या आदिवासी समाजांतले, वडिलांकडून ब्रिटिश-स्कॉटिश. 2024 ला व्हेनिस बिएनाले या मोठ्या कलाप्रदर्शनात याच कामाला गोल्डन लायन हे देशांसाठीचं सर्वोच्च बक्षीस मिळालं, ऑस्ट्रेलियाला पहिल्यांदाच.

आख्खी खोली फळ्यासारखी काळी आणि त्यावर साध्या पांढऱ्या खडूने, हाताने वंशावळ लिहिलीय. 'मी' पासून सुरुवात, मग आईवडील, आजी-आजोबा, असं करत करत छतापर्यंत, 65,000 वर्षं मागे! वरची नावं वाचता येतच नाहीत, रात्रीचं आभाळ वाटतं. आणि मधेच कुठे कुठे नुसता काळा फळा, तिथे साथीत नाहीतर कत्तलीत वंशच तुटलाय. काही जागी तर नावही नाही, गोऱ्यांनी दप्तरात लिहिलेली शिवीच आहे, कारण त्या माणसाची तेवढीच नोंद उरलीय. आई, तिथे मला रडू आवरलं नाही गं.

मधोमध पाणी आणि त्याच्या वर कागदांचे गठ्ठेच्या गठ्ठे, पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात गेलेल्या आदिवासींच्या मृत्यूच्या चौकशीचे. मेलेल्यांची नावं झाकलेली. देशात हे लोक 4 टक्केसुद्धा नाहीत पण तुरुंगात साधारण तिघांत एक त्यांचा, आणि 1991 मध्ये या कोठडीतल्या मृत्यूंवर रॉयल कमिशनचा, म्हणजे सरकारी चौकशी आयोगाचा, एवढा मोठा रिपोर्ट येऊनसुद्धा हे मृत्यू थांबलेले नाहीत, याचा मला फार राग येतो. एवढं सगळं होऊन त्या माणसाने खडू घेऊन आपली माणसं परत भिंतीवर आणली, मला हे बक्षिसापेक्षा कितीतरी मोठं वाटतं.

बाबा, तुम्ही त्र्यंबकेश्वरला उपाध्यांच्या नामावळीत पणजोबांची सही दाखवली होतीत ना? आपलं कुणीतरी जपून ठेवलं होतं, यांना मात्र ज्यांनी छळलं त्यांच्याच कागदांतून आपली माणसं शोधावी लागली. पण आपल्यातही बायकांकडचं मला काहीच माहीत नाही. आई, तुझ्या आजीचं माहेरचं नाव काय होतं, तिला बहिणी होत्या का, कुठल्या गावाला दिल्या? मोठ्या मावशीलाही विचार, तिला सगळं पाठ आहे. लिहीत बसू नकोस, व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट पाठव, मी इथे उतरवून घेते.

तुमची,
मनू